बिनभांडणाचं दूध

१

तांबडगावच्या चारा छावणीतला संस्थेचा वळू रात्रीतून गायब झाला, आणि गावानं चोर शोधून काढायला साडेचार मिनिटं घेतली. एरवी याच गावाला चौकातला दिवा बदलायला दोन ग्रामसभा लागतात.

वळूचं नाव सरदार. लाल कंधारी, अंगानं कणगीएवढा, स्वभावानं पहिल्या दिवाळीच्या जावयासारखा. साल दोन हजार सोळा, महिना मे. विहिरींच्या तळाला सावली तेवढी उरली होती, म्हणून म्हातारे तिथं उतरून पत्ते खेळत होते. गावच्या दूध संस्थेनं गायरानावर छावणी घातली होती. ज्याचं जनावर त्यानं खुंट्याशेजारी बाज टाकून राहायचं, छावणीचा चारा घालायचा, दूध संस्थेलाच द्यायचं. आणि छावणीत जागा फक्त सभासदाला.

चतुराबाई दूध मोजायच्या टेबलावर होती. वय सत्तावन्न. बावीस वर्षं तिनं या गावाच्या दुधात यंत्राची नळी बुडवून फॅट काढलं होतं आणि बावीस वर्षं त्यावरून शिव्या खाल्ल्या होत्या. सकाळचं माप संपत आलं तेवढ्यात पत्र्यावरचा स्पीकर खरखरला.

"ऐका होऽऽ! आपला सरदार चोरीला गेलेला हाय," चेअरमन बंकटराव बोलत होते. "सभासद मैना हा काल रात्री छावणीत नव्हता. नव्हती. ते जे काय असंल ते नव्हतं. त्याचं सभासदत्व रद्द करायला बारा वाजता सभा हाय. सगळ्यांनी यावं. चहा मिळंल."

चतुराबाईनं हातातलं माप टेबलावर असं आपटलं की पलीकडचं वासरू उठून उभं राहिलं.

मैना जन्मली तेव्हा घरच्यांनी पोरगा झाला म्हणून पेढे वाटले होते. अठराव्या वर्षी तिनं साडी नेसली, तेव्हा पेढे वाटलेल्या त्याच हातांनी तिला दाराबाहेर काढलं. बारा वर्षं गेवराईच्या बाजारात दुकानापुढं टाळ्या वाजवून तिनं एक गाय घेतली, गावी आली, आणि या जानेवारीत संस्थेची सभासद झाली. कार्डावर नाव फक्त 'मैना'. सभासदत्व गेलं की गाय छावणीबाहेर. आणि बाहेर दहा कोसांत हिरवं म्हणाल तर ग्रामपंचायतीचं दार तेवढं होतं. गाय आठ दिवसांत मेली असती. मैना नवव्या दिवशी परत बाजारात.

ती धावतच आली. अंगावर रात्रीचीच साडी, डोळ्यांतलं काजळ गालावर.

"मावशी, मी तर तुमच्यासंगं होते की!"

"मला सांगतीस? मला ठावं न्हाई का?"

"मंग त्यांला सांगा की!"

चतुराबाई तशीच ताडताड ऑफिसात गेली. ऑफिस म्हणजे चार पत्रे आणि एक फळा. फळ्यावर उत्तरेश्वर सेक्रेटरीच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं: 'परवा सकाळी दहा वाजता अचानक तपासणी. सर्वांनी तयार राहावे.'

"बंकटराव, मैना काल रात्री माझ्यासंगं गेवराईच्या यात्रेत होती. आठपासून. आन रात्री माझ्याच घरी झोपली."

बंकटरावांनी बशीतला चहा फुंकला. "मंग? आमी तरी दुसरं काय म्हणायलोत? गेवराईला गेली. वळू घेऊन गेली. इकून आली."

"वळू घेऊन? आवो, आमी आकाशपाळण्यात बसलो होतो! वळूला काय मधी बसवलं का?"

"तुमाला साक्षीला नेलं असंल. तुमी भोळ्या."

चतुराबाईला आजवर गावानं कजाग म्हटलं होतं, तोंडाळ म्हटलं होतं. भोळी पहिल्यांदाच म्हटलं. तिचं डोकं तिथंच फिरलं.

"आन इचारायचं असलं तर सटवाला इचारा," बंकटराव म्हणाले. "राखणदार हाय. त्यानं वळूचं दावं तिच्या हातात बघितलंय. सवताच्या डोळ्यांनी."

२

आता ती रात्र सांगायला पाहिजे.

सत्तावन्न वर्षांत चतुराबाई रात्रीची घराबाहेर पडली होती ती बाळंतपणाला, दवाखान्याला नाहीतर मयताला. मौजेला कधीच नाही. मैनानं आठ दिवस तिच्यामागं टुमणं लावलं होतं.

"मावशी, यात्रा हाय. पाळणा हाय. एकटी गेले तर लोक मला बघत्यात. तुमी संगं असल्या तर मी यात्रा बघंन."

यावर काय बोलणार? चतुराबाईनं पेटीतली जांभळी इरकल काढली, नवऱ्यानं पहिल्या पगाराला घेतलेली. मैना संध्याकाळी सहाला छावणीतून निघाली ती रोजच्या विटक्या गाऊनवर टॉवेल टाकून. चतुराबाईच्या घरी तिनं ती साडी नेसली. नखं रंगवली. "अर्ध्या रंगानं चिमीची शिंगं पण रंगवून आले," ती लाजत म्हणाली. चिमी म्हणजे तिची गाय. "दोघींनी नटायचं ठरवलं."

भेळीचा पुडा घेऊन दोघी पाळण्यात बसल्या. पाळणा दोनदा फिरला, तिसऱ्यांदा त्यांचा डबा बरोब्बर टोकाला गेला आणि जनरेटरनं मान टाकली. सगळीकडं अंधार. खालून मालक ओरडला, "घाबरू नका, डिझेल आणायला माणूस गेलाय!" माणूस गेलाही होता. वाटेत त्याला मौत का कुआँ लागला, तो तिकीट काढून आत बसला.

दीड तास दोघी आभाळात. चतुराबाईनं आधी जेवढं घाबरता येतं तेवढं घाबरून घेतलं. मग भेळ खाल्ली. मग तिची एक चप्पल सुटली आणि खाली कापूसमिठाईच्या घमेल्यात पडली. मिठाईवाल्यानं वर बघून अशा काही शिव्या दिल्या की दोघी पोट धरून हसल्या, आणि डबा हलला म्हणून किंचाळल्या, आणि किंचाळल्या म्हणून पुन्हा हसल्या. खाली गर्दी जमली. लोक मोबाइलच्या बॅटऱ्या वर मारायला लागले.

"बघा मावशी," मैना म्हणाली, "आज पयल्यांदा लोक मान वर करून माझ्याकडं बघायलेत."

साधारण दहाचा सुमार असेल. यात्रेला लागूनच हमरस्ता. तिकडून एक ट्रक खडखडत गेला. मैना हसता हसता गप्प झाली.

"मावशी, चिमी हंबरली."

"काय?"

"चिमी. त्या ट्रकात."

"भेळ चढली तुला," चतुराबाई म्हणाली. "तिकडं छावणीत रवंथ करीत बसलीया ती."

तेवढ्यात दिवे लागले, पाळणा हलला, आणि ती गोष्ट तिथंच राहिली. शेवटच्या जीपनं परत यायला बारा वाजले. मैना चतुराबाईच्याच घरी आडवी झाली आणि पहाटे पाचला, साडी न बदलताच, धार काढायला छावणीत गेली.

एवढंच झालं होतं. एका बाईनं दुसऱ्या बाईसोबत भेळ खाल्ली होती. त्याची शिक्षा बारा वाजता जाहीर होणार होती.

३

सटवा राखणदार कडब्याच्या गंजीला टेकून तंबाखू मळत होता. राखण करता करता त्याच्या नाकाखालून आजवर दोन सायकली, एक पाण्याची टाकी आणि स्वतःची काठी चोरीला गेली होती.

"काय बघितलंस रे तू?" चतुराबाईनं विचारलं.

"सांगितलं की चेअरमनला. रात्री आठ-साडेआठला मैना दावं धरून सडकंकडं निघालती. माघं सरदार."

"अंधारात वळखलंस?"

"आवो, छावणीचा दिवा होता की."

"अंगावर काय होतं तिच्या?"

"इरकल. जांभळी, हिरव्या काठाची." सटवानं तंबाखू ओठाखाली सोडला. "पदर लई चमकायलता. आता काय खोटं बोलतो का मी?"

"न्हाई बाबा. तू कशाला खोटं बोलशील," चतुराबाई म्हणाली आणि वळली. तिचे कान तापले होते.

मैना छावणीतून गेली ती गाऊनवर. इरकल छावणीत आली ती आज पहाटे पाचला. म्हणजे सटवानं तिला आज सकाळी बघितलं आणि कालच्या रात्रीला चिकटवलं. सटवा खोटारडा, इथपर्यंत सरळ होतं. पण त्याला खोटं सांगायला लावणारा कोण? सटवा स्वतःहून खोटंही बोलणार नाही इतका आळशी.

ती उत्तरेश्वरकडं गेली. सेक्रेटरी सभेचं प्रोसिडिंग आधीच लिहीत बसला होता. सभेला अजून अडीच तास होते. 'सर्वानुमते' हा शब्द लिहून झाला होता.

"उत्तरेश्वर, पोलिसात दिली का?"

"पोलिसात?" त्याचा पेन थांबला. "कावून? घरातली गोष्ट हाय."

"एवढा मोठा वळू गेला. मागं ऑफिसातली बादली गेली तर तू शिरूरच्या पोलीस कुत्र्यापर्यंत पंचनामा केलता."

"ते येगळं. चोर सापडला की मावशी. मंग पोलिसाचं काय काम?"

"चोर सापडला. वळू कुठाय?"

उत्तरेश्वरनं 'सर्वानुमते'खाली रेघ ओढली. मग पुन्हा लिहायला लागला.

चतुराबाई बाहेर आली. चोर शोधायची घाई, वळू शोधायची नाही. वळू कुठं आहे हे ज्याला माहीत असतं, त्यालाच तो शोधायची घाई नसते.

पण मग कुठं आहे? अडीच मण... छे, त्याच्या चौपट वजनाचं जनावर खिशात घालून तर नेलं नसेल.

"मावशी!" मैनानं लांबून हाक मारली. "लवकर या. चिमीला बघा."

४

छावणीतली सडकेकडची शेवटची रांग. सात खुंटे, सात गाई: सहा गाववाल्यांच्या, सातवी मैनाची. चिमी मान खाली घालून उभी होती.

"आज अर्धंच दूध दिलं हिनं. मला वाटलं मीच गडबडीत पिळलं. पण हे बघा." मैनानं तिची शिंगं दाखवली. "रंग गेला."

"कसला?"

"नखाचा. काल गुलाबी केलं होतं की टोकाला. आता बघा, घासून पुसल्यावानी. आन वास घ्या."

चतुराबाईनं वाकून शिंगाचा वास घेतला आणि नाक मागं घेतलं. थिनर. ऑइलपेंट काढायचं थिनर.

शिंगं रंगवणारी माणसं तिनं बघितली होती. सरकार छावणीला जनावरामागं पैसे देतं; मागच्या महिन्यात सरकारी तपासणीवाले आले तेव्हा मोजलेल्या प्रत्येक जनावराच्या शिंगावर त्यांनी तांबडा पट्टा ओढला होता, एकच जनावर दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून. तो पट्टा उन्हानं कधीच सोलपटून गेला. नवी तपासणी तर परवा.

मग काल रात्री या शिंगावर असं काय होतं, की ते पुसावं लागलं?

बावीस वर्षांची सवय, डोक्यात आज सकाळचं दूध आपोआप ओतलं जाऊ लागलं. शहादेवची गाय रोज आठ लिटर देते, आज साडेतीन. कचरूची अर्ध्यावर. गहिनीनाथची अर्ध्यावर. धोंडीरामची तशीच. सहाच्या सहा, याच रांगेतल्या.

आणि एकाही मालकानं तिच्याशी भांडण केलं नाही.

चतुराबाईच्या अंगावर काटा आला. या तांबडगावात? अरे, मागच्या आठवड्यात फेस मापात धरला नाही म्हणून याच कचरूनं तिचं टेबल उलथं केलं होतं. पावशेर कमी भरलं तर शहादेव यंत्राला, यंत्र बनवणाऱ्याला आणि त्याच्या आईला उद्धरायचा. आणि आज साडेचार लिटर कमी भरलं, तर मान खाली घालून, किटली उचलून, चालता झाला. 'येतो मावशी' म्हणाला. 'येतो मावशी'! तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

दूध कमी आल्याचं ज्याला कोडं पडतं तो भांडतो. ज्याला कारण ठाऊक असतं तो गप्प बसतो.

शेजारच्या खुंट्यावर गहिनीनाथ पाठ करून गव्हाण झाडत होता. रिकामीच होती, तरी झाडत होता. त्याच्या गाईपुढं मात्र हिरव्या उसाची जाड मोळी पडली होती. दुष्काळात रोज चार कांड्या मिळायच्या, आज मोळी. सहाही गाईंपुढं तशीच. चिमीपुढं नाही.

"गहिनीनाथ, ऊस झ्याक मिळाला."

"हं... शिल्लक होता म्हणले."

"तुझी गाय आज आटली का?"

"ऊन लई हाय मावशी."

"ऊन तर काल बी होतं."

त्यानं वर बघितलं नाही. चतुराबाई त्याच्या गाईपाशी गेली. गहिनीनाथ एकदम पुढं आला. "मारकी हाय ती मावशी, नका जवळ जाऊ!"

ती सरळ गाईच्या तोंडापाशी वाकली आणि शिंगाला नाक लावलं.

थिनर.

ती उभी राहिली तेव्हा तिला पाळण्यावरून ऐकलेला ट्रक आठवला; चिमी खरंच हंबरली होती. सहा माणसं. रोज मैनाच्या चुलीवरचा चहा पिणारी. त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि सकाळी स्पीकर ओरडत होता तेव्हा ती खाली मान घालून गाईला ऊस चारत होती.

चतुराबाईच्या बापाचं दूध याच संस्थेनं नऊ वर्षं घेतलं नव्हतं. बाटवतं म्हणायचे. दुधालाही जात असते हे तिला शाळेत जायच्या आधी कळलं होतं. आज त्याच संस्थेच्या टेबलामागं ती बसत होती.

"मैने," ती म्हणाली, "तोंड धू. काजळ नीट घाल. आपल्याला सभेला जायचंय."

"मला काढाया बोलावलंय, मावशी."

"मंग तर नटूनच जायचं."

५

सभा पत्र्याखाली भरली. बाराचं ऊन, एकसष्ट सभासद, आणि माणशी पाच माश्या. बंकटराव खुर्चीवर, उत्तरेश्वर बाजूला, त्याचं प्रोसिडिंग तयार.

"ठराव क्रमांक एक," उत्तरेश्वरनं सुरुवात केली.

"त्याच्या आधी मला बोलायचंय," चतुराबाई उठली.

"तुमी सभासद न्हाईत. नोकर हाव," बंकटराव म्हणाले.

"मंग नोकर म्हणूनच बोलते. आज दूध कमी आलंय. ते सांगायचं माझं कामच हाय." आणि कुणी अडवायच्या आत ती वळली. "शहादेव, ऊठ. तुझ्या गाईनं आज साडेतीन लिटर दिलं. तू भांडलास का माझ्याशी?"

शहादेव अर्धवट उठला. "न्हाई..."

"कावून न्हाई?"

"आता... रोज रोज काय भांडायचं मावशी."

एकसष्ट सभासदांत खसखस पिकली. शहादेव आणि रोज भांडत नाही!

"कचरू, तू? धोंडीराम? गहिनीनाथ?" तिनं सहाही नावं घेतली. "एका रांगेतल्या सहा गाई एका रात्रीत आटल्या. आन सहाचे सहा मालक मुके झाले. तांबडगावात दूध कमी आलं आन भांडण न्हाई, असं तुमी जल्मात कधी बघितलं का?"

"न्हाई बा!" मागून कुणीतरी प्रामाणिकपणे म्हणालं.

"गाय रातभर ट्रकात धक्के खाऊन आली की पान्हा चोरती. हे शेंबड्या पोराला कळतं. आता सातवी गाय. मैनाची. तिचं बी दूध आटलं. तिच्या शिंगाचा रंग बी गेला. सातही गाईंच्या शिंगाला थिनरचा वास हाय, ज्याला शंका हाय त्यानं जाऊन हुंगावं. शिंग कोण पुसतं? ज्याला शिंगावरचा पट्टा लपवायचाय तो. पट्टा कोण ओढतं? तपासणीवाले. आपली अचानक तपासणी परवा दहाला हाय, फळ्यावर लिहिलंय." तिनं दम घेतला. "मंग काल रात्री कुणाची अचानक तपासणी होती, उत्तरेश्वर?"

उत्तरेश्वरनं पेनाचं टोपण उघडलं, लावलं, उघडलं.

"बोरढवच्या छावणीची!" मागचाच प्रामाणिक माणूस ओरडला. "माझा मेव्हणा तिथं हाय. म्हणत होता, रात्री सायब आलते!"

"बोरढव. गेवराईवरूनच रस्ता हाय. त्यांच्या छावणीत जनावरं कमी, म्हणून आपली उसनी नेली. सात गाई, आन संख्या भरायला आठवा सरदार. मोजली. रंगवली. पहाटं धारंची येळ झाली म्हणून गाई आधी परत आणल्या. दूध देतंय ते परत आलं. सरदार दूध देत न्हाई. तो तिथंच राहिला. म्हणून तुमाला चोर पाहिजे होता, पोलीस नको होता. आन काल गावात एकच माणूस जागेवर नव्हतं."

पत्र्याखाली गलका माजला. बंकटराव उभे राहिले. "गप! गप बसा! सटवानं डोळ्यांनी बघितलंय!"

"सटवानं जांभळी इरकल बघितलीया. ती इरकल माझ्या पेटीतली. मैना माझ्या घरी येऊन नेसली. छावणीत ती आली आज पाच वाजता."

सगळे सटवाकडं वळले. सटवा झोपला होता. निदान डोळे तरी मिटले होते.

"हे सगळं बोलणं झालं," बंकटराव घाम पुसत म्हणाले. "वासावर का सभा चालती? कोण म्हणतंय गाई गेल्या? हाय का एक तरी मालक?"

सहा जण जमिनीकडं बघत होते. शेवटी तेच. सगळं सिद्ध, आणि सगळे गप. उत्तरेश्वरनं पेन पुन्हा उचललं. "तर मग, ठराव क्रमांक एक..."

तेव्हा मैना उठली.

६

ती व्यासपीठाकडं गेली नाही. माणसांतून वाट काढत गहिनीनाथपुढं जाऊन उभी राहिली.

"गहिनीदादा, वहिनीला डेंगू झाला. तुमी बीडला दवाखान्यात. आठ दिस तुमच्या गाईची धार कुणी काढली?"

गहिनीनाथ पायाचा अंगठा मातीत घालत राहिला.

"तोंड हाय ना? का ते बी उसनं दिलं बोरढवला?"

"तू काढली," तो पुटपुटला.

"मोठ्यानं."

"तू काढलीस, मैनाबाई."

"मंग आता सांगा. काल रात्री माझी गाय कुठं होती?"

गहिनीनाथचा चेहरा वाकडातिकडा झाला. "ट्रकात," तो म्हणाला. "माझीच्या शेजारी. सटवा म्हणला, ती कुठं गावात हाय, तिला काय कळतंय. आमाला उसाची मोळी दिली. सकाळी तुझं नाव घेतील हे मला ठाऊक नव्हतं गं. आईशप्पथ नव्हतं."

"नाव घेतल्यावर ठाऊक झालं का न्हाई?"

गहिनीनाथनं डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली.

आणि मग बांध फुटला तो भलत्याच ठिकाणी. उत्तरेश्वर ताडकन उभा राहिला, डोळ्यांत पाणी. "आवो, चूक आमची न्हाईच! ते बोरढववाले बेइमान निघाले! सरदार ट्रकात चढंना म्हणून म्हणलं, असू द्या, सकाळी न्यावं. तर त्यांनी उजाडायच्या आत त्याच्या कानाला त्यांचा बिल्ला मारला! फोन केला तर म्हणायलेत, आमच्या छावणीत मोजलाय, आमचाच हाय. आता काय म्हणावं? मागल्या तपासणीला त्यांची बावीस जनावरं आपण इमानानं परत केली का न्हाई? सहकारात इश्वासच राहिला न्हाई!"

त्यानं खरंच डोळे पुसले. बावीस जनावरांचा विषय आजवर निम्म्या गावाला माहीत नव्हता, तो आता सगळ्या गावाला झाला. बंकटरावांनी त्याचा शर्ट धरून त्याला खाली ओढलं.

"झालं. कळालं," बंकटराव हात जोडून, हसू आणून म्हणाले. "माणूस म्हणलं की चुकतो. ठराव आमी माघारी घेतो. मैना आपलीच हाय. उत्तरेश्वर आन हे सहा जण चालत बोरढवला जातील आन वळू घेऊन येतील. सभा संपली. चला, च्या घ्या."

लोक उठायला लागले. किटली खडखडली.

"खाली बसा," मैना म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण किटलीवाला थांबला.

"ठराव मांडलाय ना तुमी? स्पीकरवर ओरडून मांडलाय. माघारी कावून घेता? मताला टाका."

"अगं पण आता कशाला? आमी म्हणतोय ना..."

"मी सभासद हाय. मला मत बघायचंय."

चतुराबाई पुढं आली. "नियम हाय, बंकटराव. मांडलेला ठराव सभासदानं मागितला की मताला टाकावा लागतो. न्हाईतर तालुक्याला जाऊन इचारू. तिथं दुसरं बी लई काय काय सांगता यील."

बंकटराव खुर्चीत बसले. सगळे बसले.

मैनानं पदर कमरेला खोचला. "ज्याला मी इथं नको हाय, त्यानं हात वर करावा. मी मोजते. मोजून होईस्तोवर कुणी हलायचं न्हाई. हात वर दिसला की मत धरीन."

आणि तिनं मोजायला सुरुवात केली. पहिल्या रांगेतल्या पहिल्या माणसापुढं जाऊन उभी राहिली, त्याच्या डोळ्यांत बघितलं, त्याचे मांडीवरचे दोन्ही हात बघितले. "एक. न्हाई." मग दुसऱ्यापुढं. "दोन. न्हाई." घाई नव्हती तिला. शहादेवपुढं ती इतका वेळ थांबली की त्याला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला.

बाराचं ऊन पत्र्यातून खाली टपकत होतं. घाम कपाळावरून भुवईत, भुवईतून डोळ्यांत. माश्यांना एवढी शांत माणसं कधीच मिळाली नव्हती. त्या आरामात बसल्या, कानावर, ओठावर, नाकाच्या शेंड्यावर. धोंडीराम गालाचा एकच कोपरा हलवून माशी उडवायचा प्रयत्न करत होता. कचरूला शिंक आली आणि त्यानं ती हातांशिवाय दिली. बंकटरावांच्या नाकावर एक मोठी निळी माशी पुढचे पाय चोळत बसली होती आणि चेअरमन तिच्याकडं डोळे तिरळे करून बघत होते. हात मांडीवर. घट्ट.

"पंचेचाळीस. न्हाई. शेहेचाळीस. न्हाई."

चतुराबाई खांबाला टेकून बघत होती. तिचा राग अजून उतरला नव्हता. उतरू द्यायचा तिचा विचारही नव्हता.

मैना मधल्या रांगेत थबकली. बोटं पुन्हा मोजली. कपाळाला आठी घातली.

"सत्तेचाळीस... का अठ्ठेचाळीस? चुकलं की माझं. मावशी, पयल्यापासून मोजावं लागंल."

"मोज बाई," चतुराबाई म्हणाली. "कुणाला घाई न्हाई."